पहारेकऱ्यांवर पहारा

६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा तिघा मानकऱ्यांपैकी एकाचा पत्ताच लागत नव्हता. फ्रेड रॅम्सडेल हे अमेरिकन शास्त्रज्ञ पत्नीसह डोंगररानात भटकायला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. पत्नीच्या फोनला कुठेतरी रेंज मिळाली, अभिनंदनाचे निरोप धडाधड येऊन पडले आणि ती एकदम ओरडली. रॅम्सडेल यांना वाटले, अस्वल आले. निघाले नोबेल. ही गंमत जगभरच्या वर्तमानपत्रांनी चवीने छापली. शोध नेमका कशाचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकले गेले. आपल्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्यावरच का उलटत नाही, याचे उत्तर मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांनी शोधले, एवढेच.

माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याचे लक्ष एरवी त्याच आठवड्यातल्या साहित्याच्या नोबेलकडे असते. या वेळी मी त्या दोन ओळींपाशी अडकलो. 'का उलटत नाही' या प्रश्नाला लागूनच 'उलटली तर काय' हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाची अनेक रूपे आपल्या घराघरांत आहेत. संधिवाताचा एक प्रकार, लहान मुलांना होणारा मधुमेह, थायरॉइडचे काही विकार ही सगळी त्याच कुळातली मंडळी. त्यातल्या एका आजाराविषयी आज लिहायचे आहे. त्याचे नाव अवघड आहे, मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, आणि ज्यांना तो होतो त्यांच्या नातेवाइकांनाही ते नाव पहिल्यांदा डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावे लागते. मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एम.एस.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात वैद्य झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. हयातीत ज्यांचे हात थरथरत, बोलणे अडखळत असे, अशा रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत मृत्यूनंतर जागोजागी कडक झालेले चट्टे दिसत. स्क्लेरोसिस म्हणजे कडक होणे, मल्टिपल म्हणजे अनेक ठिकाणी. नाव एवढेच सांगते. मेंदूतून निघालेले संदेश ज्या मज्जातंतूंवरून धावतात, त्यांच्याभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरच्या रबराची उपमा यासाठी नेहमी दिली जाते. ती झिजली असली तरी चुकीची नाही. हे आवरण उखडले की संदेश रेंगाळतो, भलतीकडे झिरपतो किंवा थांबतोच. आवरण डोळ्याच्या तंतूवरचे गेले तर नजर धूसर होते, मज्जारज्जूतले गेले तर पाय जड होतात. कुणाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा राहत नाही. अनेकांना फक्त थकवा येतो, आणि तो असा की रात्रभर झोपूनही उतरत नाही. उष्णतेने हे सारे वाढते. आपल्याकडचा मे महिना या माणसांना कसा जात असेल, याची कल्पना करावी.

जगात आज सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे. पुरुषांच्या दुपटीहून अधिक बायकांना तो होतो, आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मूल या साऱ्याच्या ऐन भरात. भारतात तो दुर्मिळ समजला जाई. मंगळूर शहरात झालेल्या एका काटेकोर पाहणीत लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. हेच प्रमाण देशभर धरले तर आकडा लाखाच्या वर जातो. लाख माणसे म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका.

आता पहारेकऱ्यांकडे वळू. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक वर्ग असतो. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीत त्यांचे शिक्षण होते. ज्या पेशी आपल्याच शरीराच्या घटकांना शत्रू समजतात, त्या तिथेच बाद केल्या जातात आणि उरलेल्या कामावर रुजू होतात. बँकेत चेक पास करणाऱ्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी याव्या लागत: खोटी सही पकडणे आणि खरी सही अडवून न ठेवणे. पहिली चूक झाली तर बँक बुडते, दुसरी झाली तर खातेदार. मी त्या खुर्चीवर बरीच वर्षे बसलो आहे. नमुना सहीचे कार्ड समोर असतानाही ही दोन टोके सांभाळणे किती कठीण असते, ते ठाऊक आहे. टी पेशींच्या बाबतीतही थायमसची परीक्षा शंभर टक्के कडक नसते. काही बिघडलेल्या पेशी निसटतातच, निरोगी माणसातही निसटतात. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

साकागुची यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांचा थायमस काढला, तर त्यांची रोगप्रतिकार यंत्रणा दुबळी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती बेफाम होऊन त्यांच्याच अवयवांवर तुटून पडत असे. याचा अर्थ, थायमसमधून आवर घालणाऱ्याही काही पेशी बाहेर पडत असल्या पाहिजेत. अशा दाबून ठेवणाऱ्या पेशींची कल्पना पूर्वी एकदा येऊन बदनाम झाली होती, पुरावे फसवे निघाले होते, आणि त्या विषयाचे नाव काढणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत. साकागुची अडून राहिले. १९९५ साली त्यांनी त्या पेशी त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी२५ या खुणेवरून वेगळ्या काढून दाखवल्या. पहारेकऱ्यांवर पहारा ठेवणाऱ्या या पेशींना आज नियामक टी पेशी म्हणतात.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९४० च्या दशकात किरणोत्साराच्या संशोधनाच्या काळात तिथल्या एका प्रयोगशाळेत खवलेदार कातडीचे, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर जन्मले होते. पन्नासएक वर्षांनी ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी त्यांच्यातला बिघडलेला जनुक शोधायचे ठरवले. त्या वेळची साधने पाहता हे गवताच्या गंजीत शिरण्यासारखे होते. हळूहळू शोधाचा टापू आवळत त्यांनी वीस जनुकांपर्यंत आणला आणि एकेक तपासायला घेतला. एकोणीस निर्दोष निघाले. विसावा, शेवटचा, तोच तो. २००१ साली जाहीर झालेला हा फॉक्स-पी-थ्री जनुक नियामक टी पेशींची सनदच आहे, हे पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झाले.

एम.एस.च्या संदर्भात मला सर्वांत बोलके वाटते ते यानंतरचे एक काम. २००४ साली बोस्टनमध्ये डेव्हिड हाफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.एस.च्या रुग्णांच्या रक्तातल्या नियामक पेशी मोजल्या. संख्या निरोगी माणसांइतकीच भरली. पण त्या पेशींना प्रत्यक्ष कामाला लावले, तेव्हा त्या इतरांना आवर घालण्यात कमी पडल्या. मंजूर पदे भरलेली, हजेरीपटावर सह्या बरोबर, काम मात्र होत नाही! आपल्याला हा प्रकार नवा नाही. गांभीर्याने पाहिले तर त्यातून एक गोष्ट निघते. अशा आजारात नुसत्या पेशी मोजून भागत नाही, त्या काय करतात ते पाहावे लागते, आणि रक्त तपासणीच्या साध्या कागदावर ते उमटत नाही.

मग दोष जन्मजात की नंतर आलेला? यावर २०२२ साली झुरिक आणि म्युनिकच्या संशोधकांनी एक देखणा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ६१ जोड्या जमवल्या. प्रत्येक जोडीत एकाला एम.एस. आणि दुसरा निरोगी. जनुके तीच, बहुधा बालपणही तेच; म्हणून पेशींत जो फरक दिसेल तो आजाराशी निगडित, वारशाशी नव्हे. फरक दिसला. आजारी भावंडाच्या रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशींचा एक गट चिडलेला होता, आणि अजून पुरत्या कामाला न लागलेल्या टी पेशींचा एक गट अकारण अधीर झालेला होता. त्यांच्यावर सीडी२५ ही खूण जास्त होती, त्यामुळे चेतावणीच्या एका रासायनिक संदेशाला त्या चटकन उठत. म्हणजे जी खूण आवर घालणाऱ्यांच्या अंगावर असते तीच चेकाळणाऱ्यांच्याही अंगावर. गणवेशावरून पोलीस ओळखू नये, असा हा मामला. २०१६ साली या खुणेलाच झाकणारे एक औषध एम.एस.साठी बाजारात आले होते. मेंदूदाह आणि यकृताचे गंभीर प्रकार घडल्यावर मार्च २०१८ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले.

जनुकांचा वाटा अर्थातच आहे. एचएलए कुळातला एक जनुक असला तर धोका वाढतो. हा वारसा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी स्टेपच्या गवताळ प्रदेशातून युरोपात शिरलेल्या पशुपालकांनी तिकडे नेला, असे जानेवारी २०२४ मध्ये प्राचीन हाडांतल्या डीएनएवरून दाखवण्यात आले. गुरांच्या सहवासात जंतूंशी झुंजायला ज्या तापट यंत्रणेचा तेव्हा उपयोग झाला असावा, तीच आज स्वच्छ घरांत उपद्रव देते, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. मुंबईच्या पारशी समाजात हा आजार आसपासच्या लोकांपेक्षा ठळकपणे जास्त असल्याचे डॉ. नोशीर वाडिया प्रभृतींनी १९९० च्या आसपासच नोंदवले होते. पण एकसारख्या जुळ्यांत एकाला एम.एस. झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक एवढीच असते. उरलेल्या तिघांना कोण वाचवते?

की प्रश्न उलटा विचारावा, पहिल्याला कोण गाठते? जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या आल्बेर्तो आशेरियो यांच्या गटाने अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांतून याचे उत्तर काढले. पुढे एम.एस. झालेल्या ८०१ जणांपैकी ३५ जणांना सुरुवातीला एपस्टाइन-बार या विषाणूची बाधा झालेली नव्हती. त्या ३५ पैकी ३४ जणांना आजार सुरू होण्याआधी ती झाली. या बाधेनंतर धोका ३२ पटींनी वाढला. इतर विषाणूंच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतल्या पेशींवरचे एक प्रथिन यांच्यातले साम्य उघड केले. शत्रूची सही आणि घरच्या माणसाची सही एकाच वळणाची. पास करणारा कितीही दक्ष असला तरी तो इथे फसणार.

गोम अशी की हा विषाणू जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढात असतो, आणि एम.एस. मात्र थोड्यांनाच होतो. ठिणगीशिवाय आग लागत नाही, पण प्रत्येक ठिणगीने कुठे लागते? आपल्याकडे ही बाधा बहुधा अगदी लहानपणी, सर्दीतापात खपून जाते. पाश्चात्त्य देशांत ती अनेकांना वयात येताना होते, चांगला महिनाभर ताप देते, आणि असा ताप येऊन गेलेल्यांत एम.एस.चे प्रमाण अधिक आढळते. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या भारतीय स्थलांतरितांच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांपेक्षा हा आजार जास्त होतो, हे १९९० साली तिथे दिसून आले होते. ज्यांची नातवंडे लेस्टर किंवा न्यू जर्सीत वाढत आहेत त्यांनी यावरून धास्तावण्याचे कारण नाही. धोका वाढला तरी मुळात तो लहानच आहे. पण आपल्या शहरांतली मुलेही आता पूर्वीपेक्षा उशिरा, निवडक माणसांत मिसळतात. त्याचे काय होईल, ते वीस वर्षांनी कळेल.

प्रयोगशाळेतून आता थोडे शाखेत येतो. १९९० च्या सुमारास मी ज्या शाखेत होतो तिथे एक बाई कॅश काउंटरवर होत्या. वय तिशीचे, नोटा मोजण्याचा वेग असा की रांग कधी दारापर्यंत जात नसे. एके दिवशी त्यांनी सांगितले, उजव्या डोळ्यासमोर धुके आल्यासारखे वाटते. चष्म्याचा नंबर बदलला, उपयोग शून्य. पाच-सहा आठवड्यांत धुके आपोआप निवळले, बाई पुन्हा काउंटरवर. वर्षभराने डाव्या पायाला मुंग्या आणि जडपणा. दीड महिन्यात तोही गेला. तिसऱ्या वेळी रजेचा अर्ज आला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुमचं दुखणं मार्च एंडिंगलाच कसं येतं हो?" सगळे हसले. बाईही हसल्या. मुंबईला जाऊन एमआरआय काढला तेव्हा मेंदूतले पांढरे ठिपके दिसले आणि आजाराला नाव मिळाले. नाव मिळाल्याने त्यांना बरे वाटले, असे त्या म्हणत. निदान आपण सोंग करत नाही, हे कागदावर आले. २००० च्या अखेरीस सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तीत त्या बाहेर पडल्या.

येतो, जातो, पुन्हा येतो, हा या आजाराचा सर्वसाधारण स्वभाव. बहुतेकांत तो सुरुवातीला झटक्यांनी येतो. प्रत्येक झटका काही दिवस किंवा आठवडे टिकतो आणि बराचसा ओसरतो. नेमकी हीच गोष्ट आपल्या विम्याच्या कागदांना कळत नाही.

'गंभीर आजार' या नावाने ज्या पॉलिसी विकल्या जातात, त्यांतल्या आजारांच्या व्याख्या विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिल्या आहेत. यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पण नावापुढे एक शेपूट आहे: 'सतत टिकणाऱ्या लक्षणांसह'. एमआरआय आणि इतर तपासण्यांनी आजार निःसंदिग्ध ठरला पाहिजे, हे योग्यच. त्याखेरीज हालचाल किंवा संवेदना यांतला बिघाड सलग किमान सहा महिने टिकलेला असला पाहिजे. आमच्या बाईंचा पहिला झटका सहा आठवड्यांत निवळला होता. अशी पॉलिसी त्यांच्याकडे असती आणि एमआरआय लगेच झाला असता, तरी दावा बसला नसता. आज तर लवकर निदान होते, चांगली औषधे आहेत, झटके थोपवले जातात. उपचार यशस्वी झाला की दावा अयशस्वी, असा या कलमाचा व्यवहारातला अर्थ. ज्या रकमेने ती औषधे घ्यायची, ती रक्कम औषधांविना पाय गेल्यावर हातात पडणार.

आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले असल्याने दुसरी बाजूही मला दिसते. काटेकोर व्याख्या नसेल तर वाद वाढतात, खोटे दावे शिरतात आणि हप्ता सगळ्यांचाच चढतो. विमा कंपनी धर्मादाय संस्था नाही. पण व्याख्या काटेकोर असणे आणि ती आजाराच्या स्वभावाला धरून असणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. निदान पक्के झाल्यावर रकमेचा काही भाग आणि अपंगत्व आल्यावर उरलेला, अशी टप्प्यांची रचना करता येईल. झटका ओसरल्यावरही मेंदूत आत धुमसणे चालूच राहते, हे आता निर्विवाद आहे. सहा महिन्यांची अट बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांना आजार समजते. कायदा निदान थोडा पुढे गेला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. १९८५ पासून मुंबईत मुळे रोवलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी हा आजार डोळ्यांआड होऊ दिला नाही, त्याचे हे फळ मानायला हरकत नाही. तरी चाळीस टक्क्यांचा दाखला घ्यायला जायचे त्या दिवशी पाय बरे असले, तर पंचाईतच. आणि थकवा कोणत्या टेपने मोजायचा?

औषधांची कहाणीही पहारेकऱ्यांना ओळखण्यातल्या गोंधळाचीच आहे. १९८० च्या दशकात गॅमा इंटरफेरॉन देऊन पाहिले, रुग्ण बिघडले. त्याच घराण्यातले बीटा इंटरफेरॉन मात्र झटके कमी करू लागले. १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा पुरवठा इतका तोकडा होता की आधी कुणाला द्यायचे, हे सोडत काढून ठरवावे लागले. रक्तातल्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून अडवणारे एक औषध नोव्हेंबर २००४ मध्ये आले आणि तीन महिन्यांतच मागे घेतले गेले. पहारा उठल्यामुळे शरीरात दडलेला एक एरवी निरुपद्रवी विषाणू काही रुग्णांच्या जिवावर उठला होता. २००६ मध्ये ते कडक अटींसह परतले. मग धक्का बसला तो २००८ साली. तोवर सारा संशय टी पेशींवर होता. कॅलिफोर्नियाचे स्टीफन हाउझर यांनी बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध एम.एस.ला देऊन पाहिले. बी पेशींच्या वंशातल्या पेशी प्रतिपिंडे बनवतात. प्रतिपिंडांची पातळी फारशी उतरली नाही, पण मेंदूतले नवे चट्टे काही आठवड्यांतच विलक्षण घटले. बी पेशी टी पेशींना चिथावतात, सावज दाखवून देतात, हे तेव्हा नीट उमगले. खबऱ्याला उचलल्यावर टोळी थंडावली.

पुढचा भाग शास्त्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. कंपनीने रिटुक्सिमॅब पुढे न रेटता त्याच्या धाकट्या भावंडावर, ऑक्रेलिझुमॅबवर, मोठ्या चाचण्या केल्या. मार्च २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत वर्षाला ६५ हजार डॉलर. नवे औषध चांगले आहे, हळूहळू चढत जाणाऱ्या प्रकारावर उपयोगी ठरलेले ते पहिलेच, याबद्दल वाद नाही. पण जुन्याच्या पेटंटचा सूर्य मावळतीला होता, हे बँकेच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ सालीच रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती बऱ्याच कमी किमतीत आणली होती. स्वीडनमध्ये डॉक्टरांनी जुने औषधच सर्रास वापरले आणि तिथल्या २०२२ च्या चाचणीत ते एका प्रचलित गोळीपेक्षा सरस ठरले. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.ची औषधे पहिल्यांदा आली, त्यात रिटुक्सिमॅब आहे. आपल्यासारख्या देशाने या यादीकडे बारकाईने पाहावे. लाखभर माणसांचे पाय शाबूत ठेवणारे औषध आपल्याच देशात बनते आणि ते सरकारी रुग्णालयांच्या खरेदीच्या आवाक्यात येऊ शकते. अर्थात बी पेशी गेल्या की संसर्ग वाढतात, लशी नीट लागू पडत नाहीत. ही औषधे जाणत्या मज्जातज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

सध्या बोलबाला आहे तो सुधारित पेशींचा. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना बी पेशी ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायच्या. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये २०२१ साली ल्युपसच्या एका तरुण रुग्णाला याने गुण आला, आणि त्यानंतर एम.एस.च्या मोजक्या रुग्णांवर प्रयोग सुरू झाले. आपल्या पवईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलबरोबर याच जातीचे तंत्र घडवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला रक्ताच्या काही कर्करोगांसाठी मान्यता मिळाली. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. एम.एस.साठी मात्र ते मान्य झालेले नाही. हे ठासून सांगावे लागते, कारण 'तुमच्याच पेशींनी बरे करू' अशा जाहिराती लावून लाखो रुपये उकळणारे दवाखाने अशाच बातम्यांच्या कडेकडेने उगवतात. नोबेलच्या नियामक पेशींचेही तेच. त्या वाढवून, शिकवून परत देण्याचे प्रयोग चालू आहेत. औषधाच्या दुकानात त्या अजून आलेल्या नाहीत.

आता आणखी एक कोपरा. २०२४ साली अमेरिकन सैन्याच्या त्याच रक्तपेढीतल्या नमुन्यांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात २५० एम.एस. रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा एक विशिष्ट साचा सापडला, आणि तो पहिले लक्षण दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून होता. मज्जातंतूंची झीज दाखवणारे एक प्रथिनही अनेकांत आधीच वाढलेले होते. उद्या ही तपासणी साध्या रक्त तपासणीइतकी सोपी झाली, तर तेवीस वर्षांच्या ठणठणीत मुलीला तिचा निकाल सांगायचा का, हा प्रश्न डॉक्टर आणि घरचे मिळून सोडवतील. पण त्याच मुलीच्या हातात विम्याचा प्रस्ताव अर्ज येईल. 'आपणास पूर्वीपासून कोणता आजार आहे का?' या रकान्यापुढे तिने काय लिहायचे? 'नाही' लिहिले तर पुढे माहिती दडवल्याचा ठपका. 'आहे' लिहिले तर लक्षण एकही नाही, नाव नाही, सहा महिन्यांचा तर प्रश्नच नाही. त्या रकान्याच्या पुढे सहीची जागा असते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.